कडेचे बाजूला व्हा

धुळ्याला पाचव्या गल्लीतल्या एका फोटोवाल्याच्या दुकानात तोताराम फडवाल्याच्या तमाशाचा मोठा फोटो बरीच वर्षं लटकलेला होता. मधोमध खुर्चीवर तोताराम, अंगात कुणाकडून तरी मागून आणलेली शेरवानी. दोन्ही बाजूंना नाचणाऱ्या बाया, मागं ढोलकीवाला आणि झीलकरी. आणि उजव्या कडेला, चौकटीच्या लाकडाला चिकटून, एक कोपर. नुसता कोपर. त्याच्यापुढं माणूस नाही.

तो कोपर हिलाल पुनाचा.

फोटो काढला सत्तेचाळीस सालच्या ऑगस्टात. देश मोकळा झाला, गावभर पताका लागल्या, तेव्हा तोतारामलाही वाटलं की आपण काहीतरी करावं, म्हणून त्यानं सगळा फड फोटोला उभा केला. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं, पुन्हा बाहेर काढलं आणि म्हणाला, "मावत नाही. कडेचे बाजूला व्हा."

कडेचा म्हणजे कोण? हिलाल. अठरा वर्षं तो त्या फडात हवालदार झाला होता, मुनीम झाला होता, राजाचा खलिता आणणारा जासूद झाला होता, दरोडेखोरांतला तिसरा झाला होता. वगात कुणी मरायचं असेल तर पहिला हिलाल मरायचा. तो हलला नाही. तेव्हा तोतारामनं खुर्चीतूनच मान वळवली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "अरे हो ना बाजूला, तुला कोण ओळखतंय?"

हिलाल बाजूला झाला. पण पुरता झाला नाही. संतापानं कमरेवर हात ठेवून उभा राहिला, म्हणून कोपर तेवढा फोटोत आला. त्याच संध्याकाळी त्यानं हवालदाराची टोपी तोतारामच्या पुढ्यात आपटली आणि फड सोडला. बायको बेबाबाई म्हणाली, "आते काय करशात?" हा म्हणाला, "काहीबी करसू, पन कडेले उभा नही ऱ्हासू." नंतर त्यानं चार वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढल्या. तिथंही मुकादमाशी दर आठवड्याला भांडण. नाकावर राग म्हणतात तो हिलालच्या नाकावर नव्हता, त्याच्या हाडात होता.

एक्कावन्न साली त्याला छगनशेठ भेटला. छगनशेठचा फिरता सिनेमा होता. मोठा तंबू, एक मशीन, एक डायनामो, आणि मशीनवर भटू नावाचा पन्नाशीचा ऑपरेटर. हिंदी चित्रं महाग पडायची, म्हणून शेठ मुंबईहून जुनी अमेरिकन चित्रं आणायचा. निम्मी हसवायची, निम्मी खुनाची. पण ती खेड्यात कळणार कुणाला? गोरे लोक फडाफडा बोलतात, लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात आणि अर्ध्यातून उठून जातात. म्हणून शेठला बोलका माणूस हवा होता. पडद्याच्या बाजूला खोक्यावर उभं राहायचं, हातात पत्र्याचा भोंगा घ्यायचा आणि काय चाललंय ते खान्देशीत सांगायचं. हिलालला इंग्रजी ओ का ठो येत नव्हतं. पण अठरा वर्षं तो दुसऱ्याच्या वगात उभा राहिला होता. कोण कुणाला फसवतोय हे त्याला नुसत्या उभं राहण्यावरून कळायचं. तो बोलायला लागला की भटू मशीनचा आवाज पार उंदराएवढा करून टाकायचा. मोटारींचा पाठलाग आला की पुन्हा सोडायचा. दोघांचं छान जमलं.

आता बघा, माणूस पडद्याकडं बघतो तेव्हा काय बघतो? नायक बघतो, नायिका बघतो. हिलालची नजर सवयीनं कडेला जायची. आणि कडेला त्याला एक माणूस दिसायला लागला.

टक्कल, लोंबते गाल, जाड भुवया आणि बसकं नाक. हसवायच्या चित्रात तो हॉटेलात सूप आणायचा आणि ते नायकाच्या मांडीवर सांडायचा. दुसऱ्या चित्रात तो लिफ्टवाला. तिसऱ्यात, जे खुनाचं होतं, तो बंगल्याचा दरवान, आणि पहिल्याच रिळात कुणीतरी त्याला जिन्यावरून ढकलून मारायचं. चौथ्यात पोलीस. बोलणं किती, तर दोन वाक्यं. पडद्यावर किती वेळ, तर तंबाखू मळून होईपर्यंत.

हिलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा तर मीच, त्याला वाटलं. सात समुद्रापलीकडंसुद्धा हे असंच!

जामनेरला तंबू लागला तेव्हा त्यानं पितांबर मास्तरला गाठलं. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि फुकट सिनेमा बघायचा. हिलालनं त्याला दिवसाढवळ्या तंबूत बसवलं, भटूकडून चित्राच्या सुरुवातीची पाटी लावून घेतली आणि म्हणाला, "मास्तर, त्या टकल्याचं नाव वाचा." मास्तरनं चष्मा पुसून सगळी नावं वाचली. नायकाचं वाचलं, नायिकेचं वाचलं, तिचे कपडे शिवणाराचं वाचलं. चित्रात एक कुत्रा होता, त्याचंही नाव होतं. टकल्याचं नव्हतं. मास्तरनं दुसरं चित्र वाचलं, तिसरं वाचलं. कुठंच नाही.

"कुत्र्याचं आहे?" हिलालनं विचारलं.

"आहे," मास्तर म्हणाला. "चांगलं मोठ्या अक्षरात आहे."

हिलालनं जी शिवी दिली ती मास्तरनं पुढं जन्मभर कुणाला सांगितली नाही. मग हिलाल त्या रिकाम्या पडद्यासमोर उभा राहिला आणि पडद्यालाच म्हणाला, "बिननावाचा माणूस म्हणजे बिनबापाचा. घे. माझ्या बापाचं नाव घे. पुना."

त्या दिवसापासून तो टकल्या पुना झाला. हिलालचा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालदार होता आणि वारला तेव्हा गावात कुणी चूल बंद ठेवली नव्हती, एवढंही इथं सांगून ठेवतो.

भोंग्यातून मग पुनाभाऊ सुरू झाला. हिलालनं काय केलं, तर सगळ्या चित्रांतला तो माणूस एकच धरला आणि त्याचं आयुष्य लावून दिलं. हॉटेलात सूप सांडलं म्हणून पुनाभाऊची नोकरी गेली. मग त्यानं लिफ्ट चालवली. तिथं मालकाशी भांडला, म्हणून बंगल्यावर दरवान झाला. नायकाचं काय ते हिलाल दोन शब्दांत उरकायचा, नायक आपोआप जिंकतोच. पण पुनाभाऊ पडद्यावर आला की हिलालचा भोंगा असा गरजायचा की बैल बिथरावेत. "देखा, देखा, पुनाभाऊ उना!" आणि पुनाच्या तोंडी तो असं काही घालायचा! पडद्यावर तो गरीब माणूस नुसता मान लववून चावी द्यायचा; भोंग्यात तो म्हणायचा, "ले तुनी चावी, आनि सकाय गादी फाटेल दखाई तं माले शिव्या देऊ नको!" तंबू नुसता फुटायचा हसून.

फैजपूरला केळीवाले शेतकरी वाळकी केळीची पानं अंथरून बसायचे आणि पुना आला की टोप्या उडवायचे. पारोळ्याला तर तिकीट काढण्याआधी बाया विचारायच्या, "आज पुनाभाऊ शे का?" शे म्हटलं तरच आत यायच्या. छगनशेठनं हे पाहिलं होतं, पण पाहिलं आणि समजलं यात फरक असतो. तो म्हणायचा, "हिलाल, तू बोलतोस म्हणून लोक येतात." हिलाल म्हणायचा, "पुना आहे म्हणून येतात." शेठ हसायचा. गाढवाला गुळाची चव काय!

पारोळ्याची शेवंताबाई ही पुनाची सगळ्यांत जुनी चाहती. निंदणी-खुरपणीला जाणारी, पंचावन्नची, गळा असा की दोन शेतं ओलांडून हाक जाईल. गावात मयत झाली की रडायला पहिली तिला बोलवायचे, कारण मेलेल्यानं काय काय केलं ते ती चालीत सांगायची आणि परक्यालाही रडवायची. चौपन्न साली पारोळ्याला पहिल्यांदा ते जिन्यावरून ढकलायचं चित्र लागलं. पुना मेला. हिलालही भोंग्यातून 'माझा बाप गेला' म्हणून जरा जास्तच बोलून गेला. लोक गुपचूप उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिलाल तंबूमागं दाढी करत बसला होता. बघतो तर शेवंताबाई आणि तिच्याबरोबर चार बाया, डोक्यावरून पदर ओढून, रांगेनं येताहेत. आल्या त्या त्याच्यासमोर धुळीत बसल्या आणि शेवंताबाईनं गळा काढला.

हिलालच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. "काय व्हयनं? कोन मरनं?"

"आम्ही दारवर उनूत," शेवंताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "पुनाभाऊ गया ना. तुना बाप ना तो?"

आपल्याकडं मयत झाली की माणसं दारावर येतात. बसतात, रडतात, चहा न घेता जातात. ज्याच्या दारावर कुणी आलं नाही त्याचं माणूस गेलं की कुत्रं गेलं, कुणाला कळत नाही. हिलालचा खरा बाप गेला तेव्हा दारावर मोजून तीन माणसं आली होती. आणि इथं एका बिननावाच्या गोऱ्या टकल्यासाठी पाच बाया सकाळची कामं टाकून आल्या होत्या. हिलालला हसावं की रडावं कळेना, म्हणून तो ओरडला, "ओ माय, तो सिनेमा शे! रातले दुसरं चित्र शे, तेम्हा तो जित्ता शे!"

संध्याकाळी हसायचं चित्र लागलं. पुना हातात बशा घेऊन आत आला. पारोळ्याच्या तंबूत त्या दिवशी जे झालं ते नायकाच्या नशिबी कधी आलं नाही. लोक उभे राहिले. "पुनाभाऊ जित्ता शे! जित्ता शे!" शेवंताबाईनं भर तंबूत पडद्याकडं बघून बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. हिलालनं भोंग्यातून खुलासा केला की पुनाभाऊ दवाखान्यात होता, पाय मोडला होता, आता बरा आहे. लोकांना एवढं पुरलं.

अशी सहा वर्षं गेली. हिलालचा राग कमी झाला नव्हता, पण त्याला बसायला जागा मिळाली होती. आणि मग सत्तावन्न साल आलं, पारोळ्याला बालाजीची यात्रा भरली आणि छगनशेठच्या डोक्यात एक शहाणपण शिरलं.

यात्रेत माणूस मावत नव्हता. पोलिसांनी खेळ बंद करायची वेळ ठरवून दिलेली. तेवढ्या वेळात दोन खेळ बसायचे, शेठला तीन बसवायचे होते. नवीन आलेलं चित्र खुनाचं होतं, जरा लांब होतं. शेठनं भटूला सांगितलं, "कामाचं नाही ते काप."

दुपारी हिलाल तंबूत आला तर भटू कात्री घेऊन बसलेला आणि त्याच्या पायाशी फिल्मचे तुकडे पडलेले. हिलालनं एक तुकडा उचलून उजेडाकडं धरला. इवल्या इवल्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत टक्कल.

या चित्रात पुना हॉटेलातला चावीवाला होता. हिलालनं आदल्या दिवशीच चित्र एकट्यानं बघून ठेवलं होतं. नायकाचा भाऊ हॉटेलात मारला जातो. खुनी कोण ते कुणाला कळत नाही. पुना पोलिसाला सांगतो की अमक्या खोलीचा पाहुणा परत आला तेव्हा बाहेर पाऊस नव्हता, तरी त्याचे बूट ओले होते. एवढंच. पुढं सगळं त्याच्यावर चालतं. आजवर पुनाला मिळालेलं सगळ्यांत मोठं काम ते. चांगली चार वाक्यं होती.

भटू मान खाली घालून म्हणाला, "मी नाही म्हटलं रे. शेठ ऐकेना."

हिलाल तसाच तुकडा हातात घेऊन शेठकडं गेला. छगनशेठ तिकिटाच्या खिडकीमागं पान लावत होता.

"हे काय?"

"काय म्हणजे? फिल्म आहे."

"पुना कापला तुम्ही."

"अरे, कोणीतरी कापायलाच हवा ना?" शेठ चुना लावत म्हणाला. "नायक कापला तर लोक तंबू जाळतील. बाई कापली तर मलाच वाईट वाटेल. तो टकल्या कापला तर कुणाच्या बापाचं काय जातं?"

"माझ्या बापाचं जातं!" हिलाल असा ओरडला की बाहेर रेवडीवाल्यानं तागडी खाली ठेवली. "माझ्या बापाचं जातं, छगनशेठ! सहा वर्षं लोक त्याला बघायला येतात. तुम्ही त्याला चोराच्या मारानं मारला!"

"हिलाल," शेठचा आवाज थंड होता, "तू भोंगा आहेस. तुझं काम बोलायचं. जा, तोंड धुऊन ये, खेळाची वेळ झाली. आणि तो गेला तर गेला. कडेचा माणूस, त्याला कोण ओळखतंय?"

तोताराम हेच म्हणाला होता. 'तुला'च्या जागी 'त्याला', बाकी शब्द न् शब्द हेच. दहा वर्षं झाली होती, माणूस बदलला, गाव बदललं, तमाशा जाऊन सिनेमा आला, आणि कडेच्या माणसाला ऐकवायचं वाक्य तेच राहिलं होतं. हिलालनं हातातली फिल्म गुंडाळून बंडीच्या खिशात घातली आणि भोंगा उचलला.

दिवेलागणीला पहिला खेळ सुरू झाला. पुढं बाया, मागं पुरुष, तंबू फुल्ल. शेवंताबाई अगदी पडद्याखाली. "पुनाभाऊ शे ना?" तिनं विचारलं. हिलाल खोक्यावर चढला.

चित्र चाललं. भाऊ मेला. पोलीस आले, हॉटेलात शिरले, आणि पडद्यानं एकदम उडी मारली. पोलीस हॉटेलात होता तो एकदम रस्त्यावर आला आणि त्यानं एका माणसाची गचांडी धरली.

तंबूत कुजबुज झाली. मागून एकजण ओरडला, "त्याले कसं समजनं?"

हिलालच्या हातातला भोंगा खालीच होता.

"ओ हिलालभाऊ, त्याले कसं समजनं की हाऊच खुनी शे?"

भटूनं मशीनच्या भोकातून बघितलं. हिलाल खोक्यावर पडद्याकडं पाठ करून उभा होता. मग त्यानं भोंगा तोंडाला लावला.

"पुनाभाऊनी सांगं व्हतं," तो म्हणाला. "पुनाभाऊ त्या हाटेलमा चावी देवाले व्हता. त्यानी ओला बूट देखात. त्यानीच सांगं, म्हनीसन खुनी सापडना. पन तुम्हले आते पुनाभाऊ दखावाव नही. पुनाभाऊ मरी गया."

"कोनी मारं?" शेवंताबाई उभी राहिली.

"छगनशेठनी! आज दुपारले, कातरवरी! आनि मी सांगस, तो आते दवाखानामातून येवाव नही!"

त्यानं खिशातली फिल्म काढली आणि मशीनच्या झोतात धरली. पडद्यावर तिची काळी वेटोळी सावली हलली. तंबूत कुणी शिट्टी मारली नाही, कुणी ओरडलं नाही. माणसं उठली आणि अर्धं चित्र टाकून बाहेर गेली. छगनशेठ आत धावत आला तेव्हा नायक रिकाम्या तंबूत बंदूक उडवत होता.

"चालता हो!" शेठ किंचाळला. "हात दाखवून अवलक्षण! माझीच चूक, तुला भोंगा दिला. उद्या सकाळी तोंड दाखवू नकोस!"

सकाळी हिलालनं वळकटी बांधली. निघणार, तेवढ्यात रडण्याचा आवाज आला. शेवंताबाई पुढं होती. मागच्या वेळी चार बाया होत्या, या वेळी चाळीस तरी असतील. त्यांच्यामागं टोप्या काढलेले पुरुष. हिलालला वाटलं, आपल्याकडं येताहेत. पण त्या त्याच्यासमोरून सरळ गेल्या आणि छगनशेठच्या तिकिटाच्या खिडकीपुढं बसल्या. खून ज्यानं केला त्याच्याच दारावर!

शेवंताबाईनं चाल लावली. "दार उघाडाले कोन येई वं आते, चावी देवाले कोन येई? सूप सांडाले कोन येई वं, जिनावरथून पडाले कोन येई?" एकेक करून तिनं पुनाची सगळी कामं सांगितली. लिफ्ट सांगितली, बशा सांगितल्या, पोलिसाची टोपी सांगितली. सहा वर्षांतलं एकही काम तिनं सोडलं नाही. हिलाल वळकटीवर बसून ऐकत होता. त्या टकल्यानं केलेलं प्रत्येक काम कुणीतरी बघितलं होतं, लक्षात ठेवलं होतं.

यात्रेला आलेली माणसं थांबून विचारायला लागली, कोण गेलं? छगनशेठ खिडकीतून म्हणाला, "बायांनो, उठा, कुणी मेलं नाही, खेळाची तिकिटं विकू द्या." शेवंताबाईनं डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, "सुतकमा खेय कसा व्हई, शेठ? तेरा दिन तरी जाऊ द्या." दारावरच्या बायांना हाकलायची छाती आपल्याकडं कुणाची नाही, आणि सुतकातल्या तंबूचं तिकीट कोण काढतो? त्या दिवशी एक खेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा आल्या. पलीकडच्या तमाशाला गर्दी, पाळण्याला गर्दी आणि शेठच्या तंबूत डायनामोवाला झोपलेला.

तिसऱ्या दिवशी छगनशेठ वळकटीजवळ आला. चेहरा असा, की कारलं खाल्लंय. "लाव तुझा बाप परत," तो म्हणाला. "यात्रा संपेपर्यंत. मग तू तुझ्या घरी, मी माझ्या."

"लावतो," हिलाल म्हणाला. "पण तुमच्यावर उपकार नाहीत हे."

भटूनं एकेक तुकडा बोटांनी पुसून चिकटवला. खिशातली वेटोळी हिलालनं स्वतः काढून दिली. शेवंताबाईला निरोप गेला की पुनाभाऊ येतोय. दिवेलागणीला तंबूला जागा पुरेना, म्हणून शेठनं पडद्यामागंही लोक बसवले.

चित्र चाललं. पोलीस हॉटेलात शिरला. आणि कडेला, चाव्यांच्या फळीपुढं, पुना. तंबू पुन्हा उभा राहिला, टोप्या उडाल्या. हिलालनं भोंगा उचलला. पुनाला तो काय बोलायला लावणार ते त्यानं तीन दिवस मनात घोळवलं होतं. छगनशेठवर असं काही हाणायचं ठरवलं होतं की शेठनं तंबू गुंडाळून पळावं.

पडद्यावर पुनानं डोळे वर केले. पोलिसानं काहीतरी विचारलं. पुनाचे ओठ हलायला लागले.

आणि हिलालला ते ओठ दिसले. सहा वर्षं तो त्या तोंडात आपले शब्द कोंबत आला होता. हे ओठ स्वतः काहीतरी बोलताहेत, हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. या माणसाला आज चार वाक्यं मिळाली होती. चारच. कुणी तरी त्याला म्हणालं असेल, आज तुला चार वाक्यं आहेत, आणि त्यानं ती घरी पाठ केली असतील. हिलालनंही केली होती, एकदा, जासुदाची.

त्यानं भोंगा खाली केला.

"भटू!" तो अंधारात ओरडला. "आवाज सोड!"

भटूला कळेना. पाठलाग तर नव्हता.

"सोड म्हणतो ना, आवाज सोड!"

भटूनं चक्री फिरवली. आणि पारोळ्याच्या तंबूत पहिल्यांदा पुनाचा आवाज आला. बारीक होता. घसा बसल्यासारखा, जरा घाबरलेला. हिलालच्या गर्जनेसारखा तर मुळीच नाही. एक वाक्य, मग जरा थांबून दुसरं. तिसऱ्याला त्यानं ओल्या बुटांकडं दाखवावं तसं बोट खाली केलं. चौथं बोलून तो पुन्हा चाव्यांकडं वळला.

कुणाला एक अक्षर कळलं नाही. पण कुणी हललंही नाही.

"हाऊ आवाज कोना शे?" शेवंताबाईनं हळूच विचारलं.

"पुनाना," हिलाल म्हणाला.

"इतला बारीक?"

हिलालनं भोंगा खोक्याखाली ठेवून दिला. पुढं चित्र कुठं गेलं, खुनी कसा सापडला, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ओले बूट सगळ्यांनी बघितले होते.

यात्रा उठली तसा छगनशेठनं त्याला काढला. पुढच्या वर्षी शेठनं इंग्रजी चित्रं बंदच केली. हिलाल धुळ्याला परत आला, पुन्हा जिनिंगमध्ये लागला, पुन्हा मुकादमाशी भांडायला लागला. साठ साली फोटोवाल्यानं दुकान विकलं तेव्हा तो मोठा फोटो कुणी घेईना, तर हिलाल घेऊन आला आणि भिंतीला लावला. शेजारपाजारचे विचारायचे, यात तुम्ही कोणते? तर तो कोपर दाखवायचा आणि वर तोतारामला शिवी द्यायचा.

पण सत्तावन्नला पारोळ्याहून आला त्या दिवशी मात्र तो कुणाला शिवी न देता ओट्यावर बसून राहिला. बेबाबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला. आज घरात इतकी शांतता कशी, म्हणून तिलाच भीती वाटली. "काय व्हयनं? शेठ काही बोलना का?"

"शेठनं मरू दे," तो म्हणाला. पाणी तसंच हातात धरलेलं. "कितला बारीक आवाज व्हता वं त्याना. शेठनी कातर एकच दिन चालनी. सहा वरीस मी त्याले बोलूच नही दिधं."